धक्क्यावरच्या चिंबोऱ्या

३ ऑगस्ट २००६, गुरुवार

पार्क म्हणे! पाण्याच्या काठाला गवत, चार झोपाळे, त्याला पार्क. मधे भिंत नाय, कठडा नाय, आणि पाच वर्षांच्या पोरीला घेऊन रोज तिथं बसायचं. का? तर भूषण म्हणतो, आई, पारूला इथली सवय होऊ दे. तू जरा लांबच्या बाकड्यावर बस.

लांबच्या! नवरा-बायको डेन्मार्कला निघाली तेव्हा पोर माझ्या मांडीवर टाकून गेली. नीट चालत पण नव्हती. तेव्हा लांब-जवळ कुणी बघितलं नाय. वाशिंदला मी वाढवली, तापात मी जागले. आता शाळेचं वय झालं म्हणून पाहिजे. मला बोलावलंय ते पोर पोचवायला. आल्या आल्या भूषणनं सांगून टाकलं – सत्तावीस तारखेला रविवारी तुझं परतीचं विमान. माझं. एकटीचं.

मी लांबच्या बाकड्यावर बसले नाय. पारूच्या शेजारी वाळूत बसले. लुगडं वाळूनं भरलं. भरू दे.

५ ऑगस्ट, शनिवार

पारू रत्नाला काहीच म्हणत नाय. मम्मी नाय, आई नाय. "ती" म्हणते. आज रत्नानं वरणभाताचा घास पुढं केला तर पोरीनं तोंड घट्ट मिटलं. "आजी, तिला सांग मला भरवू नको." माझी सून उठली. नळाखाली ताट धूत बसली. ताट स्वच्छच होतं.

मला बरं वाटलं. खरं ते लिहिते.

८ ऑगस्ट

ह्यांचा घरून फोन. पारूच्या सायकलमधे हवा भरून ठेवली म्हणाले. कशाला भरली? सांगितलंय ना, ती येणार नाय म्हणून. माणसाला एक गोष्ट दहादा सांगायची!

१० ऑगस्ट, गुरुवार

आज पार्कात गोंधळ झाला.

पोरांना चढायला तिथं लाकडाचं जहाज आहे. त्याच्यापुढं धक्का. धक्क्यावर गोरी पोरं पालथी पडतात, सुतळीला कपड्याचा चिमटा बांधतात, चिमट्यात शिंपल्याचं मांस, आणि पाण्यातून चिंबोऱ्या काढतात. बादली भरून! एका बाईनं पारूला पण सुतळी दिली. पोरीनं भराभर काढल्या. मला काय वाटणार? म्हटलं, आज कालवण. भाताच्या बांधावर करतो तशा पटापट नांग्या मोडल्या, म्हणजे पिशवीत चावत नायत. पारूच्या झाल्या, मग शेजारच्या पोरीच्या बादलीतल्या घेतल्या – मदत म्हणून!

ती पोरगी किंचाळली. मग सगळीच रडायला लागली. आईबाप धावत आले. कुणी ओरडलं नाय, तेच वाईट. नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. नंतर समजलं, ही माणसं चिंबोऱ्या खायला पकडतच नायत. दिवसभर पकडतात, नावं देतात, आणि घरी जाताना उतारावर रांगेत सोडतात. कुणाची आधी पाण्यात जाते त्याची शर्यत. घ्या!

पारू पण रडली. माझ्याकडे बघून. बाकी कुणी रडो, मला काय.

११ ऑगस्ट

भूषणला पार्कातल्या कुणीतरी सांगितलं. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात, गाव वाशिंदएवढं पण नाय. म्हणतो, आई, कशाला हात लावायचा? मी म्हटलं, "याच हातच्या चिंबोऱ्या खाऊन तू इंजिनेर झालास." आधी हसला. मग म्हणाला, तरी आता पारूला घेऊन एकटी जाऊ नको.

पोर माझी, आणि मला राखण!

१५ ऑगस्ट, मंगळवार

रत्नानं सुट्टी काढली. राखण ती. हापिसातल्या पँटीत, बूट घालून आमच्यासोबत पार्कात. तीच बसली लांबच्या बाकड्यावर. पारूनं माझा पदर सोडला नाय.

मग पारूच्या सुतळीला एक चिंबोरी लागली, ही एवढी थोरली. फळीवर पडली आणि तिरकी पळत सुटली. पोरं मागं सरली. रत्ना उठली, बूट काढून फेकले, धावली, आणि मागून दोन बोटांत अशी उचलली की मी बघत राहिले. खर्डीची पोर ती. बापाच्या भातात चिखल तुडवत वाढलेली. मी विसरलेच होते.

मग तिनं आपलं बोट मुद्दाम नांगीत दिलं. पारूचे डोळे मोठे झाले. रत्ना वाकली, हात पाण्यात घातला. चिंबोरी आपली आपण सोडून गेली. म्हणाली, "ओढायचं नाय बाळा. पाण्यात हात धरायचा, सोडते ती."

मला काय ते माहीत नाय? पण कालवणाच्या घाईत कुणाला वेळ!

घरी येताना पारू माझ्याच हाताला होती. मान मात्र मागं, रत्नाकडे.

१८ ऑगस्ट

रत्नाची सुट्टी संपली. आता एकटी जाऊ शकतेस, भूषण म्हणाला. बादलीला हात लावायचा नाय, ही अट. बरं साहेब.

२१ ऑगस्ट, सोमवार

पारूच्या बोटाला चिंबोरी डसली. मी धावले. माझा हात बघितला आणि पोरीनं आपला मागं ओढला. "तू नको! तू मोडशील." आणि मग, जोरात – "मम्मी!"

मम्मी हापिसात. मीच तिचं मनगट धरून पाण्यात घातलं. चिंबोरी सुटली. पोर मुसमुसत माझ्या कुशीत शिरली. पण हाक कुणाला मारली?

घरी कुणाला सांगितलं नाय. जेवताना पारूनं रत्नाचा घास परत नाकारला. माझ्या हातनं खाल्लं.

२२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी चहा गाळताना रत्ना म्हणाली, "आई, तुमी पारूला घेऊन जा. माझ्यानं नाय होत. तिथं ती हसते तरी." भूषणशी तिचं बोलणं झालंय. तू ठरवशील ते, म्हणाला. तिकिटाचं तो बघेल.

आल्यापासून हेच ऐकायचं होतं मला. म्हटलं, बरं. चहा पिले. पारूचे फ्रॉक बॅगेत भरले. दिवसभर धक्क्याकडे गेले नाय.

२३ ऑगस्ट, बुधवार

फ्रॉक परत कपाटात ठेवले. रत्ना हापिसातून आली, तिला बूट पण काढू दिले नायत. धक्क्यावर पारूनं कुणाला हाक मारली ते सांगितलं. म्हणते, "माझं मन राखायला सांगताय." मी म्हटलं, "मी कधी कुणाचं मन राखलंय? शुक्रवारी अर्धा दिवस काढ, धक्क्यावर ये. आणि शुक्रवारी दिवे लागायच्या आत मला सांग – पोर ठेवतेस का पाठवतेस. तूच सांगायचं, भूषणनं नाय. रविवारी विमानात बसले की मी परत विचारणार नाय."