टिकलीखालचं कपाळ

९ नोव्हेंबर, शनिवार

आत्यांचं कपाळ आज पहिल्यांदा पाहिलं! या घरात सून म्हणून आले त्याला बारा वर्षं झाली. आत्या म्हणजे सासूबाई; त्यांचा कोणता गुडघा दुखतो, कोणत्या दाताने सुपारी फोडत नाहीत, सगळं पाठ. पण कपाळ नाही. तिथे कायम टिकली. झोपेतसुद्धा.

दोन दिवस झाले, ताप आहे त्यांना. मी गार पाण्याच्या घड्या ठेवत होते. एक घडी उचलली तर टिकली घडीला चिकटून आली. खाली पांढरा गोल डाग. कड लालसर, आणि मधली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आतल्या बारीक शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट.

तापात ग्लानी आलेली बाई, पण झटक्यात तळहात कपाळावर. "उज्वला, दार लाव." मग म्हणाल्या, "पुनमला कळू देऊ नको. मामाला बी न्हाई."

पुनम म्हणजे माझी नणंद, मामा म्हणजे सासरे. म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. एका घरात राहून! धन्य आहे या बाईची.

११ नोव्हेंबर, सोमवार

ताप उतरला. दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी आले, त्यांच्याजवळ बसले. आधी "काही न्हाई गं, घामोळं हाय" असं चाललं होतं. घामोळं म्हणे! मी उठत नाही म्हटल्यावर बोलल्या.

पुनम बारावीला होती तेव्हा टिकलीखाली खाज सुटली. मेडिकलवाल्या मन्मथने एक मलम दिलं, म्हणाला आठ दिवस लावा. आठ दिवसांत आराम पडला. बंद केलं की परत खाज. परत लावलं, परत आराम. मग रोजचंच झालं. सकाळी बोटभर मलम, वरून टिकली. "पहिले कुंकवाखाली मेण लावायचो की न्हाई आम्ही, तसं. मलमावर टिकली बसते बी शिस्तीत." सहा वर्षं ही बाई औषधाचं मेण करून राहिली!

मग पांढरं दिसायला लागलं. त्यांना वाटलं कोड. पुनम लग्नाची. आईला कोड म्हटल्यावर पोरीला कोण विचारणार? म्हणून टिकली वाढत गेली. आधी तुरीच्या डाळीएवढी, मग आठाण्याएवढी, आता रुपयाएवढी. आणि मी हसायचे, "आत्या, म्हातारपणी फॅशन वाढली बरं का!" त्याही हसायच्या. पाकिटं माझ्याच मॅचिंग सेंटरमधली, निवडून मीच आणून द्यायचे.

उदगीरच्या स्थळाचं बोलणं चालू आहे. पोराचं नाव शिवशंकर, पुनमसारखाच लातूरला नोकरीला. दोघांनी एकमेकांना पाहिलंय, पसंत आहे. घरच्यांचं बघणं तेवढं राहिलंय. म्हणून आत्या म्हणतात, "लगीन होऊ दे. मंग दाखवू डाक्टरला."

मी म्हटलं, तोवर कपाळ राहायला पाहिजे ना.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नांदेडला जाऊन आलो. घरी सांगितलं, दुकानाचा माल आणायला जातोय. मी नंबर लावताना डॉक्टरीणबाईंच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं — जे काही लावता ते सोबत आणा. म्हणून पिशवीत ट्यूब आणि टिकलीचं पाकीट, दोन्ही.

"तारामती शेषेराव" असा पुकारा झाला तर आत्या जागच्या हलेनात. हाताला धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तर त्यांनी टिकली स्वतःच्या हाताने हळू काढली, आणि आत्यांच्याच बोटावर ठेवली. मग भिंगातून खूप वेळ पाहिलं.

"मावशी, हे कोड नाही. या टिकलीच्या गोंदाने इथली कातडी आधी खाजली, मग पांढरी पडली. मलमानेही थोडा रंग नेला. घरात दुसऱ्या कुणाला तुमच्यापासून होणार नाही, पोरीला तर नाहीच."

आत्यांनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "आणि कोड असतं तरी पोरीत काय कमी झालं असतं?"

मग त्यांनी ट्यूब हातात घेतली. "हे औषध वाईट नाही. पण ताकदीचं आहे. चेहऱ्यावर थोडे दिवस, ते पण विचारून. तुम्ही सहा वर्षं लावलं, वरून टिकलीचं झाकण. भाजीवर झाकण ठेवलं की लवकर शिजते ना? तसं झाकलेलं औषध जास्त आत जातं. कातडी त्यानेच पातळ झाली."

आत्या म्हणाल्या, "म्हंजे मीच शिजवलं म्हना."

डॉक्टरीणबाई हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी रडूही येत होतं.

जुनं मलम एकदम तोडायचं नाही, कातडी चिडते. आधी हलकं मलम, तेही कमी कमी करत बंद. तरी लाल होईल, आग होईल, घाबरायचं नाही. मग दुसरं मलम, वेगळ्या जातीचं. त्याने कातडी पातळ होत नाही, पण सुरुवातीला चुरचुरतं, आणि बायका तिथेच घाबरून फेकून देतात. पातळ थर. डोळ्यांपासून लांब. उन्हात छत्री. आणि टिकली नाही, कुंकू नाही, पट्टी नाही — काहीच झाकण नाही. "रंग येईल हळूहळू. पुरता येईल असं वचन मी देत नाही."

वचन देत नाही म्हणाल्या तेव्हाच मला बाई आवडली.

परतीच्या गाडीत आत्यांच्या बोटावर ती टिकली तशीच. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. आमचं मुदखेड यायच्या आधी त्यांनी टिकली खिडकीच्या काचेवर लावली, अंगठ्याने नीट दाबली, पदर मागे सारला आणि उतरल्या. माझ्यात नसतं झालं ते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल घरी पोचलो तेव्हा मामा झोपलेले. सकाळी आत्या चहा द्यायला गेल्या तर मामांनी कप घेतलाच नाही. बघतच राहिले. "मी जित्ता हाय अन् तू अशी फिरून राहिली?"

आत्यांनी सगळं सांगितलं. डाग, मलम, सहा वर्षं. मला वाटलं, आता तांडव. उठले, देवघरात गेले, बोटभर कुंकू स्वतःच्या कपाळाला ओढून आले. "घे. तुझ्या वाटचं मी लावतो. हिसाब बरोबर."

माणूस आयुष्यभर बायकोशी 'मीठ दे, पाणी दे' एवढंच बोलला. कुठे लपवलं होतं हे?

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात टिकल्यांची अख्खी भिंत आहे माझ्या. आज प्रत्येक बाईला सांगितलं, रात्री काढून झोपा, खाज आली तर लावू नका. एकीने पाकीट परत ठेवलं. सुदर्शन म्हणतो, "धंदा करायलीस का प्रचार?" नवरा आहे, बोलू दे.

२० नोव्हेंबर, बुधवार

आत्यांचं मोकळं कपाळ बघून शेजारची कावराबावरा चेहरा करून आली. अंगणातूनच, हळू आवाजात, "शेषेरावदादा बरे हायेत न?"

आत्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरे हायेत. वसरीवर बसून दुसऱ्यांदा भाकर मागून राहिले. तूच घाल वाढून."

२४ नोव्हेंबर, रविवार

कपाळ लालबुंद. सुजलंय. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी बघून राहवलं नाही. फोन केला. त्या म्हणाल्या, असंच होतं, गार पाण्याची घडी ठेवा, जुन्या ट्यूबला हात लावू नका.

संध्याकाळी आत्या दुकानात आल्या. चालत, छत्री घेऊन. कनवटीची ती जुनी ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. मला वाटलं होतं ती कधीच फेकली. "हे तुझ्या गल्ल्यात कुलपात ठेव. दोनदा झाकन उघडलं मी आज. माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

मी साधा पापड सोडू शकत नाही. आणि ही बाई आगीचं कपाळ घेऊन स्वतःची चोरी स्वतः पकडून देते!

५ डिसेंबर, गुरुवार

दुसरं मलम सुरू. मिरची लावल्यासारखं चुरचुरतं म्हणाल्या. लावताना माझा हात धरतात, घट्ट. सोडत मात्र नाहीत — ना हात, ना मलम.

१५ डिसेंबर, रविवार

उदगीरहून निरोप. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवायला या, सगळे या, तिथेच बसू, बोलू. आमच्या मुदखेडकडे येळवस नाही, तिकडे मात्र त्या अमावस्येला गावात चिटपाखरू राहत नाही म्हणे, सगळे शेतात.

पुनमचा लातूरहून फोन. तिला आता सगळं कळलंय. "आई, एक दिवस लाव गं टिकली. एका दिवसानं काय होतंय? कावेरीबाई जुन्या वळणाच्या हायेत. फोटो बघ, केवढी टिकली लावतात!"

फोटो पाहिला. शिवशंकरच्या आईची टिकली खरंच आत्यांच्या जुन्या टिकलीपेक्षा मोठी. माझंही मन पुनमकडे झुकलं. एकच दिवस!

आत्या म्हणाल्या, "एक दिवस झाकंल. लगीन झाल्यावर त्यांना दिसलं तर? आईनं फसवलं म्हनून पोरीला जलमभर बोल. त्यापरीस आत्ताच मोडू दे."

पुनमने फोन ठेवून दिला. आत्या जेवल्या नाहीत.

३० डिसेंबर, सोमवार

आताच परतलो. लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

कावेरीबाईंचं शेत सुंदर. हरभरा दाट, ज्वारी कमरेच्या वर. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, आत पूजा मांडलेली, आणि भज्जी, आंबील, उंडे — पोट भरलं तरी वाढतच होते. त्यांचे मालक अमृतराव आंबील शिंपत शेताला फेरी घालून आले. शिवशंकर शांत मुलगा आहे, पुनमकडे चोरून बघत होता. सगळं छान चाललं होतं. माझ्या पर्समध्ये टिकलीचं पाकीट होतं. आत्यांना न सांगता घेतलेलं. शेवटच्या क्षणी मन बदललं तर म्हणून.

मग कावेरीबाई हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. मला लावलं. पुनमला लावलं. आत्यांपाशी आल्या. आत्या छत्रीखाली, पदर पुढे. बोट वर गेलं आणि आत्यांनी पदर मागे घेतला. स्वतः.

"बाई, कुंकू नका लावू. कपाळ आजारी हाय माझं. टिकलीच्या गोंदानं डाग पडला, अन् मी सहा वर्सं मनानं मलम लावून त्याला वाढवलं. कोड न्हाई, डाक्टरनं सांगितलंय. पोरीला काई न्हाई. पन तुम्ही आपल्या डोळ्यानं बघून घ्या. मंग जे ठरवायचं ते ठरवा."

पुनमने खाली बघितलं. कावेरीबाई त्या डागाकडे बघत उभ्या, बोटावर कुंकू तसंच. किती वेळ! मग त्यांनी ते कुंकू आत्यांच्या मंगळसूत्राला लावलं, आणि पुढे गेल्या. पुढच्या बाईकडे वळताना त्यांनी स्वतःची टिकली अंगठ्याने दाबली, मी पाहिलं. आम्हाला दाखवायलाच असणार.

निघताना अमृतराव म्हणाले, "कळवतो." कावेरीबाई बाहेर आल्याच नाहीत.

जीपमध्ये पुनम खिडकीकडे तोंड करून रडत होती. आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो झटकला नाही, एवढंच. मला आत्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. एवढ्या बायकांसमोर, सोयरीक टांगणीला असताना, असं उभं राहायला काय लागतं ते मला माहीत नाही. पर्समधलं पाकीट मी उदगीरच्या रस्त्यावर फेकून दिलं.

३ जानेवारी, शुक्रवार

फोन नाही. मामा कुंकू लावून वसरीवर बसतात, फोन मांडीवर.

आत्यांच्या डागाच्या कडेला आज तिळाएवढा रंग दिसला. सांगितलं तर म्हणाल्या, "पुनमला फोन लाव." पुनमने उचलला नाही.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी दुकानात फोन. कावेरीबाई! आवाज एकदम हळू, मागे कुठेतरी नळ सोडलेला. त्या म्हणाल्या, "उज्वला, त्या नांदेडच्या डाक्टरीणबाई कोणत्या वारी असतात गं?"

कुणाला दाखवायचंय, विचारलं. त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

"मलाच. मी बी तसंच मलम लावते. आमच्या घरात कुनालाच ठाव न्हाई. त्या दिवशी इहीणबाईनं पदर सारला, तवापासून झोप न्हाई मला. इहीणबाईला इचार, माझ्यासंगं येतील का?"

शटर अर्धं ओढून धावत घरी आले, फोन आत्यांच्या कानाला लावला. आत्या ऐकत राहिल्या. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "येते की. येताना टिकलीचं पाकीट अन् ट्यूब, दोन्ही संगं आना."