परत केलेलं चॉकलेट

गुरुजी, तुमच्या हाताखाली शिकून तांड्याबाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांची तुमच्यावर एक तक्रार आहे. भर सभेत उठून नाही कसं म्हणायचं, ते तुम्ही शिकवलंत. कुणी काही दिलं तर ते घ्यायचं कसं, ते राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसलोय.

मी जपानमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. तिथं कित्येक सण दुकानं ठरवतात. फेब्रुवारीत प्रेमाचा दिवस येतो, तेव्हा बायकांनी बरोबरच्या प्रत्येक पुरुषाला चॉकलेट द्यायचं, मनात असो नसो. महिन्याभरानं पुरुषांनी परतफेड करायची. त्यासाठीही बाजारानं वेगळा दिवस काढून ठेवलाय. माझं डोकं भडकलेलंच होतं. शाळेच्या ऑफिसात एक वयस्क बाई आहेत. त्यांनीच मला घर शोधून दिलं, कोणता कचरा कोणत्या दिवशी टाकायचा ते शिकवलं. त्यांनी माझ्या टेबलावर पुडी ठेवली आणि मी उभा राहिलो. बाजार बायकांच्या पगारातून माया वसूल करतो, मी त्यात सामील होणार नाही! मोडक्या जपानीतही आवाज चांगला लागला. बाईंनी पुडी दोन्ही हातांनी परत घेतली, वाकून माफी मागितली आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून कागद ठेवायला येतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

शेजारच्या टेबलावरचा खेळाचा शिक्षक तेव्हा म्हणाला, "छान केलंत सर, तुमची परतफेड वाचली!" मग काही दिवसांनी त्यानंच हळूच सांगितलं, "आम्हाला दुकानातलं, केकसारखं अंडं घातलेलं दिलं होतं. तुम्ही अंडं खात नाही म्हणून तुमचं त्यांनी घरी केलं होतं. त्या विचारत होत्या, माझ्या हातचं त्यांना चालत नाही का?"

गुरुजी, हा प्रश्न मी आधी ऐकलाय. शिक्षक दिन आहे, मी पाचवीत आहे. याडीनं, माझ्या आईनं, लापशी करून डबा फडक्यात बांधून दिलाय. तुम्ही सगळ्यांचं सगळं परत करताय: दुकानदाराच्या पोराचा पेन, कुणाचा नारळ, माझा डबा. "घेऊन जा लेकरा. मास्तर इकत घ्यायचा नसतो." केवढा अभिमान वाटला मला तुमचा! घरी याडीनं डबा उघडला. "काहून आणला वापस? तांड्यावरचं खात न्हाईत व्हय गुरुजी?" तुम्ही कुणाचंच घेतलं नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं. ती ऐकून घ्यायची. तुमच्या नावानं मात्र तिनं पुन्हा कधी काही रांधलं नाही.

सध्या सुट्टीत आपल्या तांड्यावर आलोय; दर सुट्टीसारखी आसपासच्या सभांतून भाषणंही झाली. परवा निघायचं. बाईंसाठी तिळाचे लाडू न्यावेत म्हटलं, तर वहिनी म्हणाली, "आमाला भाषणं अन् तिकडच्या बाईला लाडू! बराबर हाय, भाऊजी." सगळे हसले. याडी हसली नाही. लाडू वळता वळता तिनं विचारलं, "घेईल का रं ती? का डबा तसाच येईल?"

मैदानभर माणसांपुढं मी अडखळत नाही. तिच्यापुढं अडखळलो.

कारण एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही, तुम्हालाही विचारली नाही. त्याच हिवाळ्यात मी तुम्हाला पाटलांच्या वावरात हुरडा खाताना पाहिलं होतं. कणसं भाजायच्या आगटीजवळ मांडी घालून बसला होतात, हसत होतात. हुरडा म्हणजे काही लाच नव्हे, असं मी स्वतःला आजवर समजावत आलोय, आणि तुमच्या नावानं भाषणं ठोकत आलोय. हे पत्र कुठंच टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहायचं धाडस झालं. आता उत्तर द्या, गुरुजी. तीच लापशी शाळेबाहेर, आमच्या अंगणात याडीनं वाढली असती, तर तुम्ही जेवायला बसला असतात का?