महिनाअखेरचं वाक्य

३ मार्च

कोण गाढव हे!

सकाळी टोस्टवर लोणी फासता फासता संगणकावर टपाल उघडलं, तो टोस्ट तसाच वाळून गेला. पत्र टोंगाहून. लुसेआने फीफिता, हापाईकडच्या पाच बेटांवरच्या दवाखान्यांची मुख्य नर्स. सुरुवातच "आदरणीय बाई" अशी. क्वोल या संगणकभाषेच्या माणसांत अकरा वर्षं काढली, पण आदरणीय मला कुणी म्हटलेलं नाही. "ए फिल" म्हणतात. मी ताठ बसून वाचलं.

तिच्याकडे तापानं हृदय दुखावलेली मुलं आहेत. प्रत्येकाला दर महिन्याला इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही. इंजेक्शनची बोट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकेक बेट घेत जाते. पुढच्या फेरीची यादी काढायला या बाईनं क्वोलमध्ये स्वतः प्रोग्रॅम लिहिला — मी लिहिलेली माहितीपानं वाचून! जानेवारीत पहिल्यांदा वापरला. फेब्रुवारीच्या यादीत शेवटच्या दोन बेटांची नावंच आली नाहीत. बोट अलीकडूनच माघारी फिरली. अकरा मुलं राहिली.

तारखेत महिना मिळवून देणाऱ्या 'महिना-जोड' या आज्ञेचं पान काढलं. लिहिलंय: "पुढच्या महिन्यात ती तारीख नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो." म्हणजे एकतीस जानेवारीत महिना मिळवला की अठ्ठावीस फेब्रुवारी. सरळ आहे. करून पाहिलं. उत्तर आलं — तीन मार्च!

अख्खा फेब्रुवारी ओलांडून पलीकडे उडी! महिन्याच्या अगदी शेवटी येणारी ती दोन बेटं अशीच मार्चात जाऊन पडली. आणि पान म्हणतंय शेवटचा दिवस. पान धडधडीत खोटं बोलतंय.

पत्राच्या शेवटी एवढंच: "एका मुलीचे सांधे सुजले आहेत. मासेमारीची बोट मिळाली आहे, मी उद्या निघते." तक्रार नाही. तक्रार असती तर बरं वाटलं असतं.

हे वाक्य लिहिणाऱ्याला मी सोडणार नाही.

४ मार्च

आमच्याकडे प्रत्येक ओळीमागे ती कुणी लिहिली त्याचं नाव राहतं. कळ दाबली.

फिलोमिना टिअर्नी. मीच. नऊ वर्षांपूर्वी.

५ मार्च

गुरुवारचा चहा डिम्फ्नाकडे. कॉन्व्हेंटात एका बाकावर होतो. साठ वर्षं ओळखते, त्यामुळे मुर्वत ठेवत नाही.

"थांब, मला नीट कळू दे," म्हणाली. "तू हे फुकट करतेस?"

"स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे भाषेबरोबर मिळणारी अवजारपेटी, डिम्फ. कितीदा सांगू? कुठलं अवजार काय करतं ते मी पानावर लिहिते."

"आणि अवजार भलतंच करतं."

"एक अवजार!"

"आणि तू ते हातात न घेताच लिहिलंस."

"अगं, कुठल्याही शहाण्या माणसाला एकतीस जानेवारीनंतर महिन्यानं—"

"शहाण्या माणसाला नाही विचारलं. तू करून बघितलं होतंस का?"

नव्हतं. वीज खात्यात तीस वर्षं जनित्रांच्या पुस्तिका लिहिल्या. तिथं स्वतः जिना चढून बटण दाबल्याशिवाय ओळ लिहीत नसे. आणि इथं — मऊ खुर्चीत बसून वाटलं तसं लिहिलं.

डिम्फ्ना इतकी हसली की तिचा दात बशीत पडता पडता राहिला. "फिल टिअर्नी चुकली! कॅलेंडरवर लिहूनच ठेवते. पण कुठल्या तारखेला लिहू गं? अठ्ठावीस फेब्रुवारी की तीन मार्च?"

केक न खाता घरी आले.

६ मार्च

पापाची कबुली ताबडतोब द्यावी. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर कोलंबानं आम्हाला एवढं तरी नीट शिकवलं. वाक्य बदललं: "ती तारीख नसेल, तर उरलेले दिवस त्यापुढच्या महिन्यात मोजले जातात." कुरूप वाक्य आहे. पण खरं आहे.

आपल्या दुरुस्तीला आपणच मान्यता द्यायची नाही हा आमचा नियम. म्हणून टॉर्किलकडे पाठवली. टॉर्किल मॅकाय, डनेडिनचा, या सगळ्या कारभाराचा मुख्य. वय चौतीस. यंदाची आवृत्ती २८ मार्चला निघते, दुरुस्त्यांचं दार २१ला बंद. त्यातून राहिलं की गेलं वर्षभरावर.

लुसेआनेलाही कळवलं: चूक माझी होती, पान सुधारते आहे. पत्र लिहून झाल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं.

७ मार्च

टॉर्किल गप्प. जुळ्या मुली झाल्यात म्हणे. जुळी माझ्या आईलाही झाली होती. ती पत्रांना उत्तरं द्यायची.

९ मार्च

लुसेआनेचं उत्तर. मुलीचा ताप उतरला. अकराही जणांना इंजेक्शन मिळालं. देवाची कृपा, आणि त्या मासेमारीच्या बोटीची.

पण पुढे काय लिहिते! "बाई, वाक्य बदलू नका. ते पान पाचही दवाखान्यांत भिंतीवर लावलं आहे. इथल्या मुलींना तोंडपाठ आहे. महिना सरायच्या आत बोट गेली पाहिजे, हेच ते सांगतं, आणि तेच बरोबर आहे. चुकतो तो कोड. तो बदला. या महिन्याची यादी मी बोटांवर मोजून काढीन. पण दर महिन्याला मोजायला मी जन्मभर इथं नाही."

वा! मी गुडघे टेकून कबुली देते आहे आणि ही बाई म्हणते, उठा, पाप तुमचं नाहीच!

दिवसभर चिडचिड झाली. संध्याकाळी बागेतलं तण उपटता उपटता लक्षात आलं — मी त्या अकरा मुलांचा विचार करतच नव्हते. माझं पान स्वच्छ झालं की सुटले, एवढंच. कुरूप वाक्य खरं असेल, पण त्यानं त्यांची नावं यादीत येणार नाहीत.

१० मार्च

मंगळवारची बैठक. पडद्यावर मी, टॉर्किल, आणि पर्थचा वॉरन. वॉरन अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त, आणि कुठलीही गोष्ट बदलायच्या विरुद्ध.

"बारा वर्षं हे असंच चाललंय," वॉरन म्हणाला. "कुणीतरी त्यावर विसंबलेलं असणारच. पान बदला, विषय संपवा. असं आहे बघ, मेट—"

"मेट म्हणे! मी कसली तुमची दोस्त, काय तुमच्याबरोबर मेंढ्या कातरल्यात?"

टॉर्किलच्या खांद्यावर एक पोर झोपलेलं. हळू आवाजात म्हणाला, "फिल, पान बदला म्हणून तुमचीच दुरुस्ती माझ्यापुढे पडलीय. आणि आता तुम्हीच म्हणता बदलू नका?"

"हो. ती मागे घेतली. कोड बदलायचा."

"कोण बदलणार?"

"तू!"

"ही एक खांद्यावर आहे. दुसरी आत रडतेय, ऐकू येतंय ना? तुम्हीच लिहा."

"मी पानं लिहिते. कोडमध्ये हात घालत नाही. घातलेला नाही."

"अकरा वर्षं आत न डोकावता पानं लिहिलीत, फिल. त्याचंच तर हे झालं."

वॉरन खाली बघत राहिला. खाली बघितलेला वॉरन मला अजिबात सोसत नाही.

"किती ओळी आहेत?" मी विचारलं.

"सहा."

१२ मार्च

सहा ओळी! एवढ्यासाठी मी बारा वर्षांचं गाठोडं समजून घाबरत होते. महिन्याच्या आकड्यात एक मिळवतात आणि तारीख आहे तशी पुढे ढकलतात. झालं. एकतीस फेब्रुवारी नावाचा दिवस जगात असतो का, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मला तरी कुठे पडला!

माझ्या आठ ओळी लिहिल्या. जानेवारी बरोबर आला. मार्च बरोबर आला. डिसेंबरात महिना मिळवला, तर तेरावा महिना निघाला.

१३ मार्च

तेरावा महिना गेला. आता लीप वर्षात एकोणतीसच्या जागी अठ्ठावीस येते.

१५ मार्च

चर्चमध्ये रविवारच्या मासला गेले. फादर उपासाबद्दल बोलत होते आणि मी मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजत होते. पलीकडून डिम्फ्ना पुटपुटली, "एवढी पापं?"

घरी येऊन शेवटची ओळ बदलली. बारा महिने, साधी वर्षं, लीप वर्षं — सगळं बरोबर. चारदा तपासलं. पाचव्यांदाही. यावेळी जिना चढून बटण दाबलं, सिस्टर!

१७ मार्च

पानाला एक मान्यता पुरते. कोडला दोन लागतात. टॉर्किलनं दिली. वॉरन देईना.

"कुणाचं काहीतरी मोडेल," हे एकच पालुपद.

"कुणाचं?"

"कुणाचं तरी."

"तो माणूस मला दाखवा, वॉरन. टोंगातली अकरा मुलं मी तुम्हाला नावानिशी दाखवते. तुम्ही तुमचा एक तरी दाखवा!"

टॉर्किल जांभई देत मध्ये पडला. जगात लोकांनी उघड ठेवलेले क्वोलचे सगळे प्रोग्रॅम आहेत, त्या सगळ्यांवर माझा बदल चालवून बघायचा. कुठं काय मोडतं ते कळेल. दार बंद व्हायला चार दिवस.

१८ मार्च

हिशेब आला. दोन हजार एकशे चाळीस प्रोग्रॅम. माझ्या बदलाचा धक्का फक्त नऊ जणांना.

त्यातल्या आठांनी काय केलंय? 'महिना-जोड'नं तीन मार्च दिला की आपलं ठिगळ लावून तो मागे ओढायचा, अठ्ठावीस फेब्रुवारीवर आणून बसवायचा! माझ्या बदलानं ते ठिगळ नुसतं बिनकामाचं होईल, मोडणार काहीच नाही. आठ जणांनी चूक पाहिली, गुपचूप शिवून टाकली, आणि एकानंही मला दोन ओळी लिहिल्या नाहीत. मला घाबरतात की काय हे लोक?

नववा एकटाच खरोखर तीन मार्चवर विसंबलेला. पर्थजवळच्या फ्रीमँटलमधल्या एका बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबच्या, आवारातलं गवत कापायचं वेळापत्रक. लिहिणाऱ्याचं नाव वाचलं आणि फोन उचलला.

"वॉरन, तुमच्या क्लबात गवत कधी कापतात हो?"

"महिन्याच्या शेवटच्या दिवशी. का?"

"फेब्रुवारीत?"

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज. मग: "फेब्रुवारीत कापत नाहीत. यादीत दिवसच येत नाही, थेट मार्चअखेर."

"का बरं?"

"मला वाटायचं, सेक्रेटरीनं सुट्टी दिली असेल."

"आणि सेक्रेटरीला काय वाटायचं?"

"...की मी दिली असेल."

"किती वर्षं, वॉरन?"

"फोन ठेव, फिल."

मी ठेवला. हसले मात्र ठेवल्यावरच. तेवढी सभ्यता माझ्यात आहे.

२० मार्च

वॉरनची मान्यता. सोबत एकच ओळ: "गवत गुडघ्याएवढं झालंय. मान्य."

२८ मार्च

आवृत्ती निघाली. पानावर एक अक्षरही बदललेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी खोटं असलेलं माझं वाक्य आजपासून खरं.

डिम्फ्ना लॅमिंग्टन केक घेऊन आली. "म्हणजे तू चुकलीस," ती म्हणाली, "आणि तुला सुधारायच्या ऐवजी त्यांनी जग सुधारलं."

"तसं नाही ते."

"तसंच आहे ते. साठ वर्षं मी हेच सोसतेय."

तीन लॅमिंग्टन खाल्ले. टॉर्किलनं बैठकीत सगळ्यांसमोर "फिलच्या आठ ओळी" असं म्हटलं. आडनाव घेतलं असतं तर शोभलं असतं. असो.

लुसेआनेला लांब पत्र लिहिलं. नवी आवृत्ती कशी उतरवून घ्यायची ते पायरी-पायरीनं. शेवटी लिहिलं, मोठेपणानंच म्हणा: "पानं वाचताना पुन्हा कधी अडलं, तर संकोच करू नकोस. मला विचार. समजावून सांगेन."

२ एप्रिल

लुसेआनेचं पत्र. मार्चची बोट पाचही बेटं करून आली. एप्रिलची यादी नव्या आवृत्तीनं काढली, शिवाय बोटांवर मोजून ताडून पाहिली. अकराही नावं आहेत.

सोबत दवाखान्याच्या भिंतीचा फोटो. मला वाटलं होतं एक पान असेल. सव्वीस आहेत, सगळी माझी. मोठं करून पाहिलं. पानापानावर निळ्या पेनानं, सुरेख वळणदार अक्षरात, माझ्या ओळी खोडून वर दुसऱ्या लिहिलेल्या. चौदा ठिकाणी. सकाळपासून एकेक करून तपासते आहे. नऊ झाल्या. नऊच्या नऊ तिच्या बरोबर.

खाली लिहिलंय: "बाकीच्या चुका आम्ही इथल्या इथे दुरुस्त करून घेतो, बाई. हे एकच वाक्य तुमच्या कोडपेक्षा शहाणं होतं, म्हणून पत्र लिहिलं."