ओलसर कोठार, कोरडा गहू आणि शुक्रवारचे लग्न

मी, जुल्हुमोर, दिवंगत एर्गश यांची पत्नी, वय एकोणसत्तर, धंदा शेती, राहणार उज्गेनची पाणथळ आळी, हा कागद कोणाच्या दटावणीवाचून, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके तेवढे जरा हलके आहे. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहून ‘हा आजार नव्हे, आनंद आहे’ असा दाखला दिला आहे; तो सोबत जोडला आहे. मरायची मला मुळीच घाई नाही. उद्या माझे लग्न आहे. गिरणीवाल्या सोत्वोल्दींनी माझ्या मिळकतीवर डोळा ठेवला, असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी ही तजवीज.

कलम एक. राहते घर, अंगण व जर्दाळूची चार झाडे माझा मुलगा उल्मास यास. पंधरा दिवस तो माझ्याशी बोललेला नाही. शेवटचे बोलला ते एवढेच, “आई, या वयात? लोक काय म्हणतील?” मी म्हटले, “लोक पुलाव खातील आणि मीठ कमी आहे म्हणतील.” तरीही घर त्याचेच.

कलम दोन. कोठार उल्मासला नाही. ते माझी सून हनिफा हिला. जमिनीखाली झरा असल्याने त्याच्या भिंती वसंतात घामेजतात. मी नवरी होऊन आले त्या वर्षी राशीत हात घातला, तर कोपरापर्यंत ऊब लागली. गहू आतून कुजत होता. तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षे त्या ओलीशी माझे भांडण चालू आहे. हनिफाने पोती लाकडी ओंडक्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. बरणीत मूठभर गहू व कोरडे मीठ घालून हलवावे; मीठ काचेला चिकटले, तर हातातले काम टाकून गहू उन्हात काढावा. बाहेर दमट उबारा असताना दक्षिणेकडची खिडकी उघडू नये. दाणा दाताखाली कट्ट वाजलाच पाहिजे.

कलम तीन. कोठाराची उत्तरेकडची खिडकी, चौकट, बिजागऱ्या व कडीसह, माझे धाकटे दीर कोच्कोर यांस. त्यांनी ती उपटून न्यावी व भोक विटांनी बुजवावे. एकतीस वर्षांपूर्वी पावसाच्या झडीत ती खिडकी कोणीतरी सताड उघडी टाकली. आठवड्याने वरचा थर हिरवागार उगवला होता आणि खालचा काळा पडला होता. दोष माझ्यावर आला. यजमान गप्प राहिले. दळण न्यायला आलेले सोत्वोल्दी तेवढे सगळ्यांदेखत म्हणाले, “सुनेला काय बोलता? खिडकीला विचारा!” यजमानांना मी माफ केले आहे, सगळे नाही, पण बरेचसे.

हे कलम परवा कोच्कोरना वाचून दाखवले. ते कानापर्यंत लाल झाले. “वहिनी, अजून विसरला नाहीत?”

“कशी विसरू? वर्षभर कडू पिठाचे नान गिळलेत.”

“मीच उघडली होती. म्हटलं, गव्हाला वारा लागेल. मग घाबरलो आणि तुमच्याकडे बोट दाखवलं.”

एकतीस वर्षांनी! मला हसू फुटले ते आवरेना, मग तेही हसू लागले. बिजागऱ्या काढायला ते स्वतःच येणार आहेत.

कलम चार. सोत्वोल्दी यांना काहीही नाही. तशी त्यांचीच अट आहे. यंदा सुगीनंतर ते कोठारात आले, एक दाणा चावला आणि डोळे मिटून उभे राहिले. “इतक्या ओलीत असा गहू! बाई, माझ्या घराचं छपर गळतं. याल का?”

“दुरुस्त करायला?”

“नाही हो. माझ्यासोबत भिजायला.”

मी पोत्यावर बसले. होकार बसूनच दिला.

कलम पाच, आज सकाळी वाढवलेले. हनिफाने हा कागद नवऱ्याला वाचायला दिला. उल्मास माझ्यासमोर येऊन टोपी कुरवाळत राहिला.

“कोठार हनिफाला दिलंस ते बरोबर केलंस. पण एक राहिलं. चुलीशेजारची खोली तुझ्याच नावावर ठेव. तिकडे भांडण झालं तर ये.”

“आणि नाही झालं तर?”

“तरी ये. उद्या तुला पोचवायला मीच येणार आहे. दुसऱ्या कोणी यायचं नाही.”

सबब सदर खोली हयातभर माझी. वरच्या ओळीतील शाई पसरली आहे ती खाडाखोड समजू नये. लिहिताना माझे डोळे कोरडे नव्हते.

लिहून देणार: जुल्हुमोर (सही)

साक्षीदार:
१. मुहय्यो, डॉक्टरीण (सही)
२. कोच्कोर, दीर (सही)
सोत्वोल्दींनीही सहीसाठी हात पुढे केला होता. नवरदेवाला साक्षीदार होता येत नाही, असे सांगून त्यांना चहाला बसवले आहे.

मुक्काम उज्गेन, गुरुवार, २४ ऑक्टोबर २०१९