सागवानी पानाला फवारणी

जुन्नर,
रविवार सकाळ

आदरणीय बिबिजान फुफी,

तुमच्या भाचीचा, उजमाचा सलाम घ्या आणि फुफांनाही द्या.

तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता की बाटली नुसती उशाशी ठेवता? फुफांचा खोकला, शेळीचं बाळंतपण आणि नौशादभाईचं लग्न, या तिन्हींची आम्हाला सारखी काळजी असते (याच क्रमाने असते असं नाही). फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि माझं बोलणं मंचरच्या अख्ख्या गल्लीला कळतं. आणि मराठीत लिहितेय, कारण उर्दूत लिहिलं की तुम्ही आधी चुका शोधता आणि मजकूर नंतर वाचता.

तर फुफी, मी कोरलेली पहिली लाकडी पट्टी एका घराच्या दारावर लागली! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं ब्लडप्रेशर वाढायला नको. माझं वाढायचं तेवढं वाढून झालं आहे.

कोरायला मी अब्बांकडेच शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. इतरांच्या पोरांच्या हातात पाटी येते तेव्हा अब्बांनी माझ्या हातात दोडका दिला आणि म्हणाले, डोळे मिट आणि शिरा मोज. मग कारलं, मग पिंपळाचं पान, मग सावरीच्या मऊ लाकडाचा तुकडा आणि बोथट पटाशी. नियम एकच. जे दिसतं तेच कोरायचं. मनाचं काही घालायचं नाही आणि दिसलेलं काही गाळायचं नाही. हा नियम मी जरा जास्तच पाळते, असं तौहीदचं म्हणणं आहे. (पहिलं लाकडी सीताफळ कोरताना मी खऱ्या सीताफळाचे डोळे मोजत बसले. मोजणी संपायच्या आत ते पिकून फुटलं आणि तौहीदनं खाल्लं. भाऊ म्हणून तो चांगला आहे, पण नमुना त्याच्याजवळ ठेवू नये.)

अब्बांच्या हाताला आता कंप येतो. तुम्हाला ते सांगणार नाहीत. बारीक काम आलं की पुण्याहून मशीनवर कापलेली नक्षी मागवावी, असं त्यांच्या मनात घोळत होतं. मी हट्ट केला तेव्हा म्हणाले, ‘‘ही एक पट्टी तुझ्या हातची होऊ दे. गिऱ्हाइकानं दारावर लावली तर इथून पुढची कोरीव कामं तुझी. परत आली तर मशीनची मागवीन आणि तू पॉलिश पेपर घासायला बस.’’ त्या दिवसापासून मला भात गोड लागेना.

गिऱ्हाईक खोडदचे दादाभाऊ. द्राक्षबागायतदार आहेत, नवीन बंगला बांधलाय. त्यांना चौकटीवर सागवानी द्राक्षवेल हवी होती आणि मधे गणपती बसवायला जागा. मी ठरवलं, ज्यांचं दार त्यांच्याच वेलीचं पान कोरायचं. दुसऱ्याच्या बागेतलं पान त्यांच्या दारावर लावणं मला फसवणुकीसारखं वाटलं. (तौहीद म्हणाला, द्राक्षाच्या पानाला आधार कार्ड नसतं.) मी त्यांच्या गड्याला विचारून, एकेक पान मागून आणत होते. घड झाले, ताणे झाले, एक सोडून सगळी पानं झाली. शेवटच्या पानासाठी कॅनॉलकडच्या कोपऱ्यातलं पान आणलं. फार सुंदर पान होतं, फुफी! एक बाजू जराशी वळलेली, त्यामुळे मागची बाजूही दिसत होती आणि वर गोल गोल, तेलाचे थेंब पडल्यासारखे डाग. मला वाटलं, जातच अशी असेल. मी बाजारपेठेतली पोर, मला द्राक्ष माहीत ते पाटीतलं. एकेक डाग मी खिळ्याच्या टोकानं टिपला आणि वळलेल्या बाजूवरची बारीक लवसुद्धा सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दादाभाऊ आईला, बायडाबाईंना, घेऊन दुकानात आले. अब्बांनी पट्टीवरची चादर काढली. मी कोपऱ्यात भुसा झाडत होते (भुसा आधीच झाडलेला होता). बायडाबाईंनी घड पाहिले, मान डोलावली, मग शेवटच्या पानाशी आल्या आणि कपाळावर हात मारला.

‘‘अरं दादा, ह्याला करपा लागलाय की!’’

‘‘करपा न्हाई आई,’’ दादाभाऊ खाली वाकून म्हणाले, ‘‘डाऊनी हाय. मागून बघ, लव आलीया.’’

‘‘मला शिकवतो व्हय? मी करपा वळखते.’’

‘‘आगं, डाग तेलकट हायेत!’’

फुफी, दोघं माझ्या सागवानाच्या पानावर असे भांडत होते की मला वाटलं, आता कोणी पाणी मारेल. (करपा आणि डाऊनी, दोन्ही द्राक्षाच्या पानावरचे बुरशीचे रोग, हे मला तिथेच कळलं.) शेवटी दादाभाऊंनी फोटो काढून बागेच्या सल्लागाराला पाठवला. लगेच त्याचा आवाजातला निरोप आला: डाऊनीच आहे, हवा ढगाळ आहे, वाट बघू नका, आजच फवारणी घ्या, आणि पान इतकं वाळेपर्यंत काय करत होता? लाकडाचं आहे हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी हसले नाही. कारण बायडाबाई म्हणाल्या, ‘‘वास्तुशांतीला दारावर रोगट वेल? मला न्हाई चालायची. निजामभाऊ, दुसरी बघा.’’ अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, मशीनची मागवतो. मला तिथल्या तिथे पॉलिश पेपरचा वास यायला लागला.

तेवढ्यात दादाभाऊंनी मला विचारलं, ‘‘पोरी, कुणाच्या बागंतलं पान घेतलं?’’

मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. मी म्हटलं, ‘‘तुमच्याच. कॅनॉलकडचा कोपरा. तुमच्या गड्याला विचारून घेतलं, कालच.’’

ते तडक बागेकडे निघाले. गाडीला किक मारली आणि गेले. बायडाबाई आमच्या दुकानातच राहिल्या. (अम्मीनं त्यांना चहा दिला. जाताना त्या अम्मीला मूळव्याधीवरचं औषध सांगून गेल्या, कोणी विचारलं नसताना.) संध्याकाळी दादाभाऊ तोंडाला फडकं बांधलेले, औषधाचा वास मारत परत आले. डाऊनी कोपऱ्यातल्या ओळीतच सापडला होता, पुढे सरकला नव्हता. म्हणाले, ‘‘राव, मी रोज बागंत जातो, मला दिसला न्हाई. ह्या पोरीनं डागासकट आणून टेबलावर ठिवला. पट्टी हीच लागंल.’’

बायडाबाईंनी ते पान पुन्हा एकदा निरखलं. मग अट घातली, ‘‘लाव. पण त्ये पान भाईरच्या बाजूला. रोगानं रस्त्याकडं बघावं, घरात न्हाई.’’

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. पाहुणे दाराशी आले की माना वर आणि तिथेच खोळंबा. प्रत्येक जण औषधाचं वेगळं नाव सांगत होता, मागचे लोक ‘‘आत तरी चला’’ म्हणून ढकलत होते. एकानं अब्बांना विचारलं, मशीनचं काम का? अब्बा म्हणाले, ‘‘मशीनला डाऊनी होत नाही. हात माझ्या लेकीचा आहे.’’ फुफी, अब्बांनी आजवर माझ्या कामाला ‘ठीक’च्या वरचा शब्द वापरलेला नाही. मी खाली बघून चप्पल शोधायला लागले. ती पायातच होती.

सर्वांना सलाम, शेळीला हिरवा पाला.

तुमची,
उजमा

ता. क. अब्बांकडून कळलं की नौशादभाईच्या लग्नाच्या कपाटासाठी तुम्ही पुण्याहून मशीनची नक्षी सांगितली आहे. फुफी, खोडदला जे झालं ते परक्यांच्या घरी झालं. आपल्याच घरात मशीनचं कपाट आलं तर मी अब्बांसमोर कोणत्या तोंडानं बसू? तेवढं रद्द करा. पत्र त्यासाठीच लिहिलं होतं. तब्येतीची चौकशीही मनापासून आहे.

ता. क. २. तुमच्या अंगणातल्या डाळिंबाची पानं पाठवा. फळही एक पाठवा. तौहीदच्या हाती देऊ नका.

ता. क. ३. पानं स्वतः बघून तोडा. निरोगी हवीत की डागाची, तेही कळवा. खोडदचे दोन बंगलेवाले डागाचीच मागतायत, नाहीतर लोकांना मशीनचं वाटेल म्हणतात.