गॅस भरायचे गेज जिजाकडे

मी, भिवाजी कोंडीराम ओव्हाळ, राहणार कोंडाणे, तालुका कर्जत, वय अंदाजे पासष्ट (जन्माची नोंद कोणी केली नाही), धंदा फ्रीज व एअर कंडिशन दुरुस्ती, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून, कोणाच्याही दमदाटीशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. तब्येत ठीक आहे. डॉक्टरही म्हणाले की काही झालेले नाही, पण म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. चुका पोटात घालाव्यात.

१. कोंडाण्याचे घर, मागच्या फणसासह, व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी विमलबाई हिला. "आई, आता आमच्याकडेच राहा" असा आग्रह तिला कोणी करू नये. जायचे असेल तर ती स्वतः पिशवी भरेल. हे कलम वाचून दाखवले तर म्हणाली, "आधी मरून तर दाखवा!"

२. माझ्यामागे मला बर्फावर ठेवून पाहुण्यांची वाट बघू नये. बर्फाच्या कारखान्यात उमेदीची वर्षे गेली, आता बर्फ नको. त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि वेळेत उरकावे.

३. कर्जतचा गाळा मुलगा वाल्मिक व मुलगी जिजा यांना सारखा, न तोडता, न विकता.

४. हत्यारे. या कलमाची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. वाल्मिकचा हात चालतो. तांब्याच्या नळीचे तोंड तो असे फुलवतो की नट बोटानेच बसतो. पण त्याला दम नाही. नळ्या जोडल्या की गॅस सोडायला धावतो. आधी पंपाने आतली हवा ओढून काढायची, मग दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलतो का ते बघत बसायचे, हे बसणे त्याला जमत नाही. जिजाला जमते. तिला शेलूला दिली, तरी रोज गाळ्यावर येते. भावकी म्हणते, हत्यारे मुलाचीच. पण गेज एकच आहे. एकाला दिले आणि दुसरा रुसून गाळा सोडून गेला तर? दोघांपैकी एकावर तो गाळा चालणार नाही.

याला पुरावा पळसदरीचा बंगला. गेल्या उन्हाळ्यात तिथे आम्ही आमचे पहिले स्प्लिट मशीन बसवले. एक डबा खोलीत, एक गच्चीवर, मधे नळी. थोडा गॅस सोडून मी रिवाजाप्रमाणे गळती बघायला सांध्याला कुंच्याने रिठ्याचे पाणी लावले. फेस आला. मी ओरडलो, "गळतंय!" वाल्मिकने तोंड कापून नवे फुलवले. परत फेस. परत कापले. असे करता करता नळी पलंगापर्यंत पुरेना, म्हणून आतला डबा दारावर सरकवावा लागला. शेवटी जिजा गच्चीवरून खाली आली आणि माझ्या हातातला कुंचा काढून घेतला.

"बाबा, हा तुमच्या कुंच्याचा फेस हाय. गळतीचा बुडबुडा एका जागी फुगत राहतो. घडीभर गप बसून बघा."

बसलो. फेस विरला. बुडबुडा एकही नाही. वाल्मिक हसून हसून जमिनीवर बसला. मालक खूश, कारण आता पाहुणे दारातच गार होतात. पण त्या बंगल्याचा राखणदार, माझा मित्र मालोजी बडेकर, गावभर सांगत सुटला, "भिवाला सरणावर ठेवला, तर तो आधी साबण लावून बघील, श्वास खरंच थांबलाय का!"

म्हणून गेज व पंप जिजाला, आणि नळी कापायची, फुलवायची, वाकवायची हत्यारे वाल्मिकला. एकाला दुसऱ्यावाचून मशीन चालू करता येऊ नये.

इथवर लिहून पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात वाल्मिकने कागद वाचला.

"बाबा, ही काय युक्ती? आमी भांडणार हाय का?"

"पुढचं कोणी बघितलंय रं?"

"मग सगळंच तिला लिवा. गेज माझ्या हातात आलं, तर काटा ठरायच्या आधी मी पुढच्या घरी पोचलेला असतो. मला ती सांगंल ते काम."

जिजा म्हणाली, "शहाणाच हायस! आणि शिडीवर कोण चढणार? मला आता काही महिने चढायचं नाय. आईला विचार का ते."

विमलबाई दारात पदर तोंडाला लावून हसत होती. वाल्मिकला आधी कळले, मला मागून.

तरी कलम ४ मधील वाटणी रद्द. सर्व हत्यारे जिजाची, ही वाल्मिकची स्वतःची मागणी आहे. शिडी वाल्मिकची. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

५. मालोजीवरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो मी बरोबर नेणार आहे. मात्र सध्या जाण्याचा बेत पुढे ढकलला आहे, कारण येणाऱ्या बाळाला फेस आणि बुडबुडा यांतला फरक मला स्वतः शिकवायचा आहे.

ठिकाण कोंडाणे, दिनांक १४ मे १९८७.

सही: भिवाजी कोंडीराम ओव्हाळ

साक्षीदार: चंदर नवशा ठोंबरे, कोंडाणे.

साक्षीदार: मालोजी धर्मा बडेकर, पळसदरी. मृत्युपत्र वरपासून खालपर्यंत तपासले. कुठेही गळत नाही.