धंद्याचा रकाना

मी, संयोगिता लालासाहेब मुळीक, वय वर्षे एकतीस, धंदा संशोधन, राहणार वाळूखडी, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, सध्या मुक्काम सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच काळजीपोटी लिहीत आहे. कोणी भरीला घातलेले नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. तिचे ऑपरेशन येत्या बुधवारी मिरजेत आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. माझे सगळे शिक्षण आकड्यांवर झाले आहे, त्यामुळे उरलेले तिघे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

वर ‘धंदा’ या रकान्यात मी खरे लिहिले आहे, याची नोंद घ्यावी. कारण तिसऱ्या कलमात येईल.

कलम एक. घर आणि दीड एकर रान वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, नावावर आहे. त्यातला माझा जो हक्क पुढे निघेल तो भाऊ शिवतेजचा. दादांनी सव्वीस वर्षे सेलमला गलाईचे दुकान चालवले. सोने वितळवायचे, तेजाबात शुद्ध करायचे, तो धूर छातीत घ्यायचा आणि दिवाळीला गावी यायचे. शिवतेज दहावीनंतर त्यांच्या शेजारी जाऊन बसला. घरातली पहिली पदवीधर मी झाले, ती त्या भट्टीच्या जोरावर. माझ्या खात्यात जे असेल त्यातून त्याने दुकानात धूर बाहेर ओढणारा पंखा बसवावा. टीव्ही घेऊ नये. शिवतेज, हे तुलाच आहे.

कलम दोन. बी.एस्सी. झाल्यावर दादांनी दिलेली अंगठी आईला, राहीबाईला. दुकानातला केर वर्षभर साठवून, जाळून, धुऊन दादांनी त्यातून हे सोने काढले होते. आई ती मोडणार नाही. तरी गरज पडली तर मोड, आई.

पदवीदानाचा माझा फोटो चुलते नानासो यांना द्यावा. मी बारावी झाले तेव्हा त्यांनी पारावर सगळ्यांदेखत दादांना विचारले होते, ‘आवं, पोरीला काम्पुटर शिकवून काय चुकलेली शेरडं हुडकायची हायत व्हय?’ फोटो त्यांनी दारासमोरच्या भिंतीवर लावावा. सरळ लावावा.

कलम तीन. माझी सर्वांत मोठी मिळकत म्हणजे एक चूक. तिच्यात दुसरा वाटेकरी नाही.

छातीच्या एक्स-रेवरून फुप्फुसाचा आजार ओळखणारे एआय मॉडेल आम्ही साताऱ्याच्या प्रयोगशाळेत तयार केले. त्यासाठी लागोपाठ दोन दिवाळ्यांत विटा, आटपाडी, जत भागात शिबिरे घेऊन फोटो काढले. प्रत्येक फोटो डॉक्टरांकडून वाचून घेणे झेपणारे नव्हते. म्हणून मी नियम ठरवला : धंदा शेती आणि तक्रार काही नाही, त्याची छाती निरोगी धरायची. असे सहाशे बारा फोटो दाखवून मी मॉडेलला निरोगी म्हणजे काय ते शिकवले. संशोधनाच्या मासिकात लेख छापून आला. माझ्या मार्गदर्शक सरांनी पेढे वाटले.

या जूनमध्ये दादांना माडीचा जिना चढताना मध्येच बसावे लागू लागले. मी त्यांचा नवा फोटो काढून मॉडेलला दिला. उत्तर आले : निरोगी. तोच फोटो सांगलीच्या छातीच्या डॉक्टरांनी उजेडासमोर धरला आणि विचारले, ‘हे किती वर्षं धुरात होते?’

मी शिबिराचे फॉर्म काढून बसले. दादांचा फॉर्म, धंदा : शेती. शेजारचे गुंडा तात्या, तीस वर्षे मदुराईत गलाई करणारे, धंदा : शेती. तक्रार : नाही. मी तात्यांना फोन लावला.

‘मग काय लिवायचं गं? सातबाऱ्यावर नाव हाय माझं.’

‘पण तात्या, रानात पाय कवा ठेवता तुमी?’

‘दिवाळीला जातो की! गलाई म्हंजे पोटामागं परमुलखात जायचं. धंदा इचारला तर आपला धंदा शेतीच.’

‘आणि खोकला? तक्रार नाही लिहिलंय.’

‘खोकला ही काय तक्रार झाली? खोकला समद्यास्नी हाय.’

माझी सहकारी अर्फा आणि मी सगळ्यांना फोन केले. सहाशे बारा शेतकऱ्यांत एकशे त्रेचाळीस गलाईवाले निघाले. धुराने करपलेली छाती म्हणजेच निरोगी छाती, हे मॉडेलला मी शिकवले होते. येत्या जानेवारीपासून ते याच तालुक्यांतल्या तपासणी शिबिरांत बसणार आहे आणि याच माणसांना ‘काही नाही, घरी जा’ म्हणणार आहे.

मला कोणी फसवलेले नाही. पहिलीपासून पीएच.डी.पर्यंत ‘वडिलांचा धंदा’ या रकान्यात मीसुद्धा दर वेळी शेतीच लिहीत आले. परमुलखातल्या संशोधकाला ही चूक माफ होती. गलाईवाल्याच्या मुलीला नाही.

कलम चार. माझे मार्गदर्शक डॉ. जयराज सर यांना काय ठेवावे, हे मला फार वेळ सुचले नाही. पहिला लॅपटॉप त्यांनी दिला. मी इंग्रजीत अडखळले की भरल्या सभेत ते पुढचा प्रश्न मराठीत विचारत. जुलैमध्ये मी चूक दाखवली तेव्हा त्यांनी उठून दार लावले. मग म्हणाले, ‘निर्दोष डेटा कोणाकडे असतो, संयोगिता? पुढच्या लेखात मर्यादा म्हणून एक ओळ टाकू. हा लेख मागे घेतला तर प्रयोगशाळा बंद पडेल. आणि नोव्हेंबरात तुझी नोकरीची मुलाखत आहे.’ शेवटचे वाक्य ते माझ्या काळजीने बोलले, असे मी अजून मानते. ते मानणे त्यांना ठेवते. लेखाच्या छापील प्रतीही त्यांनाच द्याव्यात.

कलम पाच. शिबिरातल्या लोकांची नावे आणि त्यांच्या फोटोंचे क्रमांक जोडणारी वही अर्फा मुजावर हिच्याकडे जावी, दुसऱ्या कोणाकडेही नाही. नाव बाहेर जाणार नाही, असा आम्ही लोकांना शब्द दिला आहे. फोन केले तेव्हा मी नुसते विचारून घेतले, छातीला धोका आहे हे सांगितले नाही. सरांनी थांब म्हटले आणि मी थांबले. अर्फाने त्या एकशे त्रेचाळीस जणांना तपासणीला बोलवावे आणि मग वही जाळावी. अर्फा, फोन लागला की आधी जेवलात का विचार. एकदम छातीवर येऊ नकोस. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम सहा. चूक कबूल करणारे आणि लेख मागे घ्यावा असे मासिकाला कळवणारे पत्र तीन महिने माझ्या लॅपटॉपमध्ये लिहून पडले आहे. माझ्या मृत्यूनंतर अर्फाने ते पाठवावे. (हे कलम खोडले आहे. — सं. ला. मुळीक)

पुरवणी. सहावे कलम मी स्वतः खोडले, त्याचे कारण नोंदवते. आज दुपारी आमच्या सोप्यात मी वरचा मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यातले एक गुंडा तात्याच आहेत, दिवाळीला आलेले. वाचून झाल्यावर ते म्हणाले, ‘म्हंजे तू मेलीस तर आमची छाती तपासायची. आणि जगलीस तर?’

‘गुंडा, सणाचं अभद्र बोलू नगंस,’ दुसरे साक्षीदार सुभेदार हंबीरराव म्हणाले.

‘अभद्र तिनं लिवलंय, सुभेदार. मी नुसतं इचारतुया.’

दादा खाटेवर होते. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाले, ‘नोकरी दुसरी बघू गं बाय. मला तरी सेलमात कोण वळखत हुतं?’

मी जगले असते, तर ते पत्र तसेच पडून राहिले असते. मला मरणाची भीती आहे असे मी समजत होते. मी मरणाच्या आडोशाला उभी होते. चार वाजून दहा मिनिटांनी, सर्वांसमोर, पत्र मासिकाला पाठवले. प्रत सरांना पाठवली. ते आता माझ्यामागे उरणारी वस्तू नाही, म्हणून कलम रद्द. पाचव्या कलमातले फोन अर्फा सोमवारी सुरू करते आहे. तात्यांना फोन करावा लागणार नाही. छाती दाखवायला ते माझ्याबरोबरच मिरजेला यायचे म्हणतात.

बाकीची कलमे कायम. मी चालत घरी आले, तरी पंखा बसवायचाच आहे.

ठिकाण : वाळूखडी
दिनांक : २४ ऑक्टोबर २०२५, भाऊबीजेचा दुसरा दिवस
सही : संयोगिता लालासाहेब मुळीक

आमच्यासमोर वाचून सही केली म्हणून साक्ष :

१. हंबीरराव बाबुराव साळुंखे, वय ६६, धंदा निवृत्त सुभेदार, राहणार वाळूखडी. सही.

२. गुंडा रामू ऐवळे, वय ६१, धंदा ~~शेती~~ गलाई, राहणार वाळूखडी. खाडाखोड माझी हाय. सही.